क्वेचुआ भाषा आणि तिचा इतिहास: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेरू म्हटलं की आपल्याकडे माचू पिच्चूचे फोटो येतात आणि पाठोपाठ "ते इंका लोक गेले कुठे, त्यांची भाषा आता कुणाला येते का" हा प्रश्न येतोच. ती भाषा आजही बाजारात, बसमध्ये, रेडिओवर आणि कोर्टातसुद्धा बोलली जाते. तेच ते प्रश्न परत परत येतात म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत.

क्वेचुआ नक्की कुठे बोलतात?

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम कडेने अँडीजची रांग जाते, मुख्य पट्टा तोच. सगळ्यात जास्त बोलणारे पेरूत, त्याखालोखाल बोलिव्हियात, मग इक्वाडोरमध्ये, तिथे तिला किच्वा म्हणतात. कोलंबियाच्या दक्षिणेला इंगा नावाने ओळखली जाणारी बोली आहे, चिलीच्या उत्तर टोकाला थोडे लोक आहेत. पण ही फक्त डोंगरातली भाषा आहे असं समजू नका. इक्वाडोर आणि पेरूच्या अॅमेझॉन जंगलात, नापो नदीच्या काठानेही किच्वा बोलतात. आणि अर्जेंटिनात सान्तियागो देल एस्तेरो नावाचा सपाट, उष्ण प्रांत आहे, तिथल्या खेड्यांत ही भाषा बोलणारे बरेचसे लोक स्वतःला आदिवासी समजतच नाहीत, ते साधे शेतकरी-गुराखी आहेत आणि आजी-आजोबांपासून घरात क्विचुआ चालत आलीय एवढंच ते सांगतात.

बोलणारे लोक स्वतः बऱ्याच ठिकाणी तिला रुनासिमी म्हणतात, म्हणजे माणसांची बोली. "क्वेचुआ" हे नाव स्पॅनिश लिखाणातून रूढ झालं.

किती लोक बोलतात?

पेरूच्या २०१७ च्या जनगणनेत साधारण ३७-३८ लाख लोकांनी क्वेचुआ ही आपली मातृभाषा सांगितली. सगळे देश धरून अंदाज ८० लाख ते १ कोटीच्या आसपास जातो. अमेरिका खंडांतल्या मूळ रहिवाशांच्या भाषांमध्ये एवढं मोठं कुटुंब दुसरं नाही.

आकड्यांकडे बघताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. २००७ च्या जनगणनेत पेरूतला हाच आकडा ३३-३४ लाख होता. मधल्या दहा वर्षांत घरोघरी मुलं क्वेचुआ शिकायला लागली असा याचा अर्थ होत नाही. आधी जे लोक दारात आलेल्या सरकारी माणसाला "आम्ही स्पॅनिशच बोलतो" सांगायचे, त्यातले काहीजण आता खरं सांगायला लागले हेही या वाढीमागचं एक कारण मानलं जातं.

ही एक भाषा आहे की अनेक?

अनेक, म्हणजे भाषांचं कुटुंबच म्हणायला हवं. १९६० च्या दशकात पेरूचे आल्फ्रेदो तोरेरो आणि अमेरिकेचे गॅरी पार्कर या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे काम करून जवळपास सारखीच विभागणी मांडली. एक गट मध्य पेरूचा, म्हणजे आन्काश, उआनुको, पास्को, हुनीन हा भाग. दुसरा गट त्याच्या उत्तरेला आणि दक्षिणेला पसरलेला, त्यात इक्वाडोरची किच्वा, आयाकुचो, कुस्को, बोलिव्हिया, अर्जेंटिना हे सगळं येतं.

कुस्कोचा माणूस आणि बोलिव्हियातला कोचाबांबाचा माणूस आपापल्या बोलीत बोलून एकमेकांचं चालवून घेतात, आयाकुचोचंही फारसं अडत नाही. पण आन्काशची आजी बोलायला लागली की कुस्कोवाला गडबडतो. साधं "मी जातो" घ्या, कुस्कोत ते "रिनी" आणि आन्काशकडे "आय्वाऽ". क्रियापदच वेगळं आणि "मी" दाखवायची पद्धतही वेगळी, कुस्कोत त्यासाठी प्रत्यय लागतो आणि मध्य पेरूत शेवटचा स्वर लांबवतात. त्यामुळे "क्वेचुआत अमुक शब्दाला काय म्हणतात" असं कुणी विचारलं की पहिला प्रतिप्रश्न "कुठल्या क्वेचुआत?" हाच असतो, आणि तो टाळून दिलेलं उत्तर बहुतेक वेळा फक्त कुस्कोचं असतं.

पण ही इंकांचीच भाषा ना? त्यांनीच पसरवली ना?

हा सगळ्यात पक्का बसलेला समज आहे, आणि शाळेच्या पुस्तकांपासून ट्रॅव्हल व्हिडिओंपर्यंत सगळीकडे तो तसाच सांगतात, म्हणून जरा सविस्तर.

इंका राज्य, म्हणजे तावान्तिन्सुयू, खऱ्या अर्थाने मोठं झालं ते पचाकुतीपासून. त्याच्या राज्याची सुरुवात परंपरेने १४३८ च्या सुमाराला धरतात. आणि स्पॅनिश लोक आले १५३२ मध्ये. म्हणजे सगळा विस्तार शंभर वर्षांच्या आतला. आता वर सांगितलेले मध्य पेरू आणि कुस्को यांच्यातले फरक बघा, एवढे खोल फरक शंभर वर्षांत पडत नाहीत, त्याला हजार-दीड हजार वर्षं लागतात. दुसरं म्हणजे, जिथे एखाद्या भाषेच्या बोलींमध्ये सगळ्यात जास्त वैविध्य असतं तिथे ती सगळ्यात जुनी मुरलेली असते, आणि क्वेचुआच्या बाबतीत तो भाग मध्य पेरू आहे, कुस्को नाही.

मग कुणी पसरवली? काही अभ्यासक वारी या इंकांच्या आधीच्या सत्तेकडे बोट दाखवतात, तिचा काळ साधारण इसवी सन ६०० ते १०००, राजधानी आजच्या आयाकुचोजवळ. तोरेरोने दुसऱ्या गटाच्या प्रसाराचं श्रेय किनाऱ्यावरच्या चिंचा भागातल्या व्यापाऱ्यांना दिलं होतं. यावर वाद चालू आहे आणि चालू राहील. पण इंका राज्य उभं राहिलं तेव्हा क्वेचुआ आधीच लांबवर पोचलेली होती यावर बहुतेकांचं एकमत आहे, त्यांनी ती कारभारासाठी उचलली आणि आणखी पुढे नेली.

इंकांचं घराणं स्वतः आधी काय बोलत होतं? कुस्कोच्या भागात आयमाराच्या (म्हणजे तितिकाका सरोवराकडच्या एका वेगळ्या भाषेच्या) घराण्यातली भाषा होती असे पुरावे आहेत आणि त्याहीआधी पुकिना नावाची एक वेगळीच भाषा असावी असं म्हणतात. गार्सिलासो दे ला वेगा, ज्याची आई इंका राजघराण्यातली आणि बाप स्पॅनिश कप्तान, जन्म कुस्कोतच १५३९ चा, त्यानेही राजघराण्याची एक खाजगी भाषा होती असं लिहून ठेवलंय. पुकिना आता पूर्ण संपली, तिचे काही शब्द बोलिव्हियाच्या काय्यावाया वैदूंच्या गुप्त बोलीत उरलेत.

मला "इंकांची भाषा" हे लेबल खटकतं ते एवढ्याचसाठी नाही. त्या लेबलमुळे भाषा म्युझियममध्ये जाऊन बसते आणि आज ती बोलणारी भाजीवाली, नर्स, ट्रकवाला दिसेनासे होतात.

इंकांकडे लिपी होती का?

आपण लिपी म्हणतो तशी नव्हती. क्विपू होते, म्हणजे एका मुख्य दोरीला लटकवलेल्या बऱ्याच दोऱ्या आणि त्यांना मारलेल्या गाठी. गाठीचा प्रकार आणि ती दोरीवर कुठल्या उंचीला मारलीय यावरून एकं, दहं, शतं कळतं, हा दशमान हिशोब लेलंड लॉक या अमेरिकन माणसाने १९१२ मध्ये उलगडून दाखवला. शिरगणती, कर, गोदामातला मका, सगळं यावर चालायचं आणि ते वाचणारे खास लोक होते, त्यांना क्विपूकामायोक म्हणत. काही क्विपूंमध्ये आकड्यांपलीकडे नावं किंवा हकिगतीही असाव्यात, त्यावर अजून काम चाललंय. क्वेचुआ अक्षरांत लिहिली गेली ती स्पॅनिश आल्यावर, रोमन लिपीत.

स्पॅनिश लोकांनी आल्याआल्या भाषा दडपली असेल ना?

उलट झालं. पहिल्या दीडदोनशे वर्षांत चर्चने ती आणखी पसरवली.

सुरुवात मात्र दुभाष्यांच्या घोटाळ्यापासून. नोव्हेंबर १५३२ मध्ये काहामार्काला इंका राजा आताउआल्पासमोर पाद्री धर्म समजावतोय आणि मध्ये दुभाषा फेलिपिल्यो, ज्याला ना स्पॅनिश धड येत होती ना कुस्कोची भाषा. गार्सिलासो लिहितो की "तीन रूपांतला एकच देव" याचं भाषांतर त्याने "देव तीन अधिक एक, म्हणजे चार" असं केलं. पुढे काय झालं माहीतच आहे, आताउआल्पाला पकडलं आणि १५३३ मध्ये मारलं.

यातून पाद्र्यांना कळलं की भाषा शिकल्याशिवाय गत्यंतर नाही. दोमिंगो दे सान्तो तोमास या डॉमिनिकन पाद्र्याने १५६० मध्ये स्पेनमध्ये वायादोलिद इथे क्वेचुआचं पहिलं व्याकरण आणि शब्दकोश छापला. १५८२-८३ ला लिमात चर्चची मोठी परिषद भरली आणि तिथे ठरलं की मूळ रहिवाशांना धर्म त्यांच्या भाषेतच शिकवायचा. त्यातून १५८४ मध्ये लिमात स्पॅनिश, क्वेचुआ आणि आयमारा अशा तीन भाषांतली प्रश्नोत्तरी छापली गेली. दक्षिण अमेरिकेत छापलेलं हे पहिलं पुस्तक, म्हणजे त्या खंडातल्या छपाईच्या पहिल्याच पानांवर क्वेचुआ आहे.

आपल्या वाचकांना हे ओळखीचं वाटेल, कारण गोव्यात त्याच सुमाराला जेझुइट लोक हेच करत होते. १५५६ मध्ये गोव्यात छापखाना आला, फादर स्टीफन्सने मराठीत ओव्या रचल्या, कोकणीचं व्याकरण लिहिलं. लिमाच्या प्रश्नोत्तरीमागेही होसे दे आकोस्ता हा जेझुइटच होता. पद्धत तीच, आधी भाषा शिका, व्याकरण बांधा, मग धर्म सांगा.

यात एक गोची झाली. चर्चला सगळ्या बोली परवडणाऱ्या नव्हत्या, म्हणून त्यांनी कुस्कोकडच्या वळणाची एक "सर्वसाधारण भाषा" ठरवली आणि तीच सगळीकडे लादली. जिथे लोक पुकिना किंवा आणखी काही बोलत होते तिथेही पाद्री क्वेचुआच घेऊन गेले. १५४५ मध्ये पोतोसीला चांदीची खाण सापडली, तिथे लांबलांबून वेठीने माणसं आणली जायची, त्यांच्यात एकमेकांशी बोलायची भाषा म्हणूनही क्वेचुआ चालली. आज बोलिव्हियात ती एवढी आहे त्यात खाणींचा मोठा हात आहे. म्हणजे क्वेचुआ पसरली त्या काळात बाकीच्या लहान भाषा मेल्या, आणि हेही तिच्या इतिहासाचाच भाग म्हणून सांगायला हवं.

मग बंदी कधी आली?

१८ व्या शतकात. १७७० मध्ये स्पेनचा राजा तिसरा कार्लोस याने फर्मान काढलं की वसाहतींतल्या स्थानिक भाषा संपाव्यात आणि फक्त स्पॅनिश राहावी. (गोव्यात पोर्तुगिजांनी कोकणीविरुद्ध असाच हुकूम १६८४ मध्ये काढला होता.) फर्मान कागदावर होतं, पण १७८० मध्ये तुपाक आमारू दुसरा याने कुस्कोच्या भागात प्रचंड मोठा उठाव केला. तो स्वतः क्वेचुआ आणि स्पॅनिश दोन्ही बोलणारा, खेचरांवरून माल नेणारा, इंका वंशाचा सांगणारा माणूस. १८ मे १७८१ ला कुस्कोच्या चौकात त्याच्या बायकोला, मुलाला आणि नातलगांना त्याच्या डोळ्यांसमोर मारून मग त्याला मारलं. शिक्षा सुनावणारा अधिकारी आरेचे याने त्या निकालपत्रातच इंका पोशाख, शंख वाजवणं, इंकांवरची नाटकं यांच्यावर बंदी घातली आणि लोकांनी क्वेचुआ सोडून स्पॅनिश शिकावी असं लिहिलं. इथून पुढे वरच्या वर्गातल्या लोकांनी भाषा हळूहळू टाकली, कारण ती बोलणं म्हणजे बंडखोर असल्याचा संशय.

पेरू स्वतंत्र झाल्यावर परिस्थिती सुधारली?

नाही. १८२१ ला स्वातंत्र्य जाहीर झालं पण नवं राज्य स्पॅनिश बोलणाऱ्यांचंच. पेरूत निरक्षरांना मतदानाचा हक्क थेट १९७९ च्या संविधानाने मिळाला, आणि साक्षर म्हणजे स्पॅनिश लिहिता-वाचता येणारा, म्हणजे क्वेचुआ बोलणाऱ्या शेतकऱ्याला पिढ्यानपिढ्या मतच नव्हतं.

मधे एक मोठा क्षण आला. २७ मे १९७५ ला हुआन वेलास्को आल्वारादोच्या लष्करी सरकारने क्वेचुआला स्पॅनिशच्या बरोबरीने राष्ट्राची ऑफिशियल भाषा केलं. याच सरकारने १९६९ मध्ये जमीन सुधारणा करून मोठ्या जमीनदारांच्या जमिनी काढून घेतल्या होत्या. पण १९७५ मध्येच वेलास्कोची सत्ता गेली, १९७९ च्या संविधानाने दर्जा खाली आणला आणि १९९३ च्या संविधानात "जिथे जास्त बोलतात तिथे ऑफिशियल" असं ठरलं. बोलिव्हियाचं २००९ चं संविधान जास्त ठाम आहे, स्पॅनिशबरोबर ३६ मूळ भाषा सरकारी, आणि "चोरी नको, खोटं नको, आळस नको" हे तीन जुने क्वेचुआ शब्दगट त्यात छापलेत. इक्वाडोरने २००८ मध्ये किच्वा आणि शुआर यांना संविधानात जागा दिली.

क्वेचुआ आणि आयमारा एकच का?

वेगळ्या. आयमारा मुख्यतः तितिकाका सरोवराभोवती आणि बोलिव्हियाच्या पठारावर. दोघींत शब्द खूप सारखे आहेत, घडणही सारखी, पण एकाच आईच्या आहेत की शेकडो वर्षं शेजारी राहून एकसारख्या झाल्या यावर भांडण आहे. जास्त अभ्यासक शेजाराच्या बाजूने आहेत.

क्वेचुआचा संस्कृतशी संबंध आहे असं वाचलं होतं, खरं का?

नाही. इंका सूर्याची पूजा करायचे, मग ते सूर्यवंशी, मग भाषा संस्कृतातून, असे फॉरवर्ड फिरत असतात. ही कल्पना मूळची आपली पण नाही, १८७१ मध्ये विसेन्ते फिदेल लोपेस या अर्जेंटिनाच्या इतिहासकाराने क्वेचुआ ही आर्य भाषा असल्याचं पुस्तक लिहिलं होतं, ते भाषाशास्त्रज्ञांनी कधीच बाजूला ठेवलंय. दोन भाषांत चार शब्द कानाला सारखे लागणं हा पुरावा होत नाही. आणि मनापासून सांगायचं तर, डोंगरउतारावर पायऱ्या कोरून शेती करणाऱ्या, हजारो मैल रस्ते बांधणाऱ्या लोकांना त्यांची भाषा दुसऱ्याने दिली असं म्हणणं हा त्यांचा अपमान आहे.

व्याकरण कसं आहे? आपल्याला अवघड जाईल का?

इंग्रजी बोलणाऱ्याला जेवढं जातं तेवढं आपल्याला नाही. क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आपल्यासारखंच. नामाला मागून प्रत्यय लागतात, तेही आपल्याला सवयीचं. फक्त इथे प्रत्ययांची रांग लागते. "वासि" म्हणजे घर. "वासिय्" माझं घर. "वासिय्कुना" माझी घरं. "वासिय्कुनापि" माझ्या घरांत. "वासिय्कुनामांता" माझ्या घरांमधून. प्रत्येक तुकडा वेगळा काढून दाखवता येतो, मधे शब्दाचं रूप बिघडत नाही, आपल्यासारखं सामान्यरूप नाही. लिंगही नाही, तो, ती, ते तिन्हींना "पाय्" एकच.

मराठी माणसाला सगळ्यात गोड वाटेल ती गोष्ट म्हणजे "आम्ही" आणि "आपण". इंग्रजीत, स्पॅनिशमध्ये दोन्हींना एकच शब्द, पण क्वेचुआत "न्योकांचिक" म्हणजे ऐकणाऱ्यासकट आपण आणि "न्योकाय्कु" म्हणजे तुम्हाला सोडून आम्ही. हा फरक घराच्या प्रत्ययातही जातो, "वासिंचिक" आपलं घर, "वासिय्कु" आमचं घर. स्पॅनिश पाद्र्यांना हे समजून घ्यायला बराच घाम गाळावा लागला असणार, कारण प्रार्थनेत "आमच्या बापा" म्हणताना देव त्यात धरायचा की नाही हा प्रश्न येतो. इक्वाडोरच्या किच्वात मात्र हा फरक आता राहिलेला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बातमी कुठून कळली ते वाक्यातच सांगणं. आयाकुचोच्या बोलीत "पाराच्कान्मि" म्हणजे पाऊस पडतोय, मी बघतोय. "पाराच्कान्सि" म्हणजे पाऊस पडतोय म्हणे. "पाराच्कान्चा" म्हणजे पडत असेल बहुतेक. आपलं "म्हणे" ऐच्छिक आहे, लावलं तर लावलं. क्वेचुआत मात्र ही सवय बोलण्यात इतकी मुरलेली आहे की सगळं "मि" लावून सांगणारा माणूस न बघितलेल्या गोष्टींबद्दलही छातीठोकपणे बोलतोय असं वाटतं. साधारण १६०८ च्या सुमाराला लिमाजवळच्या उआरोचिरी भागात तिथल्या देवांच्या कथा क्वेचुआत लिहून ठेवल्या गेल्या, त्या हस्तलिखितात देवांच्या गोष्टी सांगताना ठिकठिकाणी हा "सि" येतो, म्हणजे लिहिणारा सांगतोय की हे मी ऐकलेलं आहे.

नात्यांतही मजा आहे. भाऊ कुणाचा यावर शब्द ठरतो, पुरुषाचा भाऊ "वाव्के" आणि बाईचा भाऊ "तुरी". पुरुषाची बहीण "पानी", बाईची बहीण "न्यान्या".

उच्चार?

कुस्को आणि बोलिव्हियाच्या बोलीत त, थ असे जोड आहेत, ते आपल्याला फुकटात येतात. तिसरा प्रकार मात्र शिकावा लागतो, घशात हवा अडवून फटकन सोडलेला "त". शिवाय "क" दोन आहेत, एक आपला आणि एक पार पडजिभेजवळून काढायचा. हे दोन्ही सरावाने जमतं. आयाकुचोच्या बोलीत तो फटकन सोडायचा प्रकार नाही, त्यामुळे ती सुरुवातीला सोपी जाते.

स्वर तीन की पाच, हे काय भांडण आहे?

भाषेत मूळ स्वर तीनच, अ, इ, उ. पण तो पडजिभेचा "क" शेजारी आला की इ चा उच्चार ए कडे आणि उ चा ओ कडे झुकतो. १९८५ मध्ये पेरूच्या सरकारी लिपीत तीनच स्वर लिहायचे ठरले, आणि कुस्कोची क्वेचुआ अकादमी पाचच लिहा म्हणून अडून बसली. भाषाशास्त्रज्ञ म्हणतात ए-ओ आपोआप येतात, वेगळे लिहायची गरज नाही. अकादमीवाले म्हणतात आम्ही जे ऐकतो ते लिहू. शुद्धलेखनावरून आपल्याकडेही असंच चालतं, पण तिथे याची किंमत मुलांनी मोजली, शाळेतलं पुस्तक एका पद्धतीचं आणि शिक्षक दुसऱ्या पद्धतीचा. माझं मत तीन स्वरांच्या बाजूने आहे, कारण त्याने वेगवेगळ्या बोलींचं लिखाण एकमेकांच्या जवळ येतं.

जुनं काही लिहिलेलं आहे का?

उआरोचिरीचं हस्तलिखित वर आलंच. दुसरा मोठा ठेवा म्हणजे ग्वामान पोमा दे आयाला याचा ग्रंथ. आयाकुचोच्या भागातल्या या माणसाने १६१५ च्या सुमाराला जवळपास १२०० पानं आणि सुमारे ४०० चित्रं स्पेनच्या राजाला उद्देशून तयार केली, स्पॅनिशमध्ये पण मधेमधे भरपूर क्वेचुआ, आणि त्यात अधिकारी, पाद्री लोकांना कसे छळतात ते चित्रं काढून दाखवलं. तो ग्रंथ १९०८ मध्ये कोपेनहेगनच्या रॉयल लायब्ररीत सापडला. शिवाय "ओल्यांताय" नावाचं क्वेचुआ नाटक आहे, ते बरीच वर्षं इंका काळातलं समजलं जायचं, आताच्या स्वरूपात ते वसाहत काळातलं आहे. २० व्या शतकात होसे मारिया आर्गेदास, जन्म आन्दाउआय्लासचा, याने कविता क्वेचुआत लिहिल्या आणि कादंबऱ्यांमधल्या स्पॅनिशलाही क्वेचुआचं वळण दिलं.

एवढे बोलणारे आहेत तर मग भाषा धोक्यात का म्हणतात?

कारण आईबाप मुलांशी ती बोलत नाहीत. हे उत्तर एका वाक्याचं आहे, पण आईबापांना दोष देण्याआधी मागचं बघा.

१९४० नंतर डोंगरातून लिमाला लोंढे यायला लागले. शहरात क्वेचुआ उच्चाराची स्पॅनिश ऐकू आली की टिंगल. तीन स्वरांत वाढलेला माणूस "मेसा" म्हणजे टेबल म्हणायला जातो आणि तोंडातून "मिसा" निघतं, "मिसा" म्हणजे चर्चमधली प्रार्थना, लगेच लोक हसतात, नोकरीच्या मुलाखतीत हसतात, वर्गात शिक्षक हसतो. या उच्चाराला हिणवायला तिथे वेगळा शब्दच आहे. हे सोसलेला बाप मुलाला म्हणतो तू स्पॅनिशच बोल.

त्यात १९८० ते २००० चा हिंसाचार. शायनिंग पाथ या माओवादी संघटनेने आयाकुचोत बंदूक उचलली, लष्कर आलं, आणि मधे चिरडले गेले ते खेड्यातले लोक. पेरूच्या सत्यशोधन आयोगाने २००३ मध्ये अहवाल दिला, मृत आणि बेपत्ता मिळून अंदाज ६९ हजारांच्या वर, आणि बळींपैकी ७५ टक्के लोकांची मातृभाषा क्वेचुआ किंवा दुसरी एखादी मूळ भाषा होती. ज्या देशात या भाषा बोलणारे लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून कमी, तिथे मेलेल्यांत चारातले तीन ते. लिमाला हे कळायलाच वर्षं गेली, यावर मला राग येतो आणि तो लपवायची गरज वाटत नाही. १९९० च्या दशकात सरकारी कुटुंबनियोजनाच्या मोहिमेत असंख्य बायकांच्या शस्त्रक्रिया नीट संमती न घेता झाल्या, त्यातल्या कित्येकींना डॉक्टर काय बोलतायत तेच कळत नव्हतं, कारण बोलणं स्पॅनिशमध्ये.

भाषा येत नसलेल्या दवाखान्यात, कोर्टात, पोलीस चौकीत उभं राहिल्यावर काय होतं हे ज्यांनी बघितलंय ते मुलांना काय शिकवतील? म्हणूनच पेरूच्या संस्कृती खात्याने २०१२ पासून मूळ भाषांचे दुभाषे तयार करायला सुरुवात केली ते काम मला कुठल्याही महोत्सवापेक्षा मोलाचं वाटतं.

मग आज काही चांगलं घडतंय का?

बरंच. २००६ मध्ये इलारिया सुपा आणि मारिया सुमिरे या दोघींनी पेरूच्या संसदेत क्वेचुआत शपथ घेतली, त्यावरून गदारोळ झाला, पण त्या मागे हटल्या नाहीत. डिसेंबर २०१६ पासून सरकारी टीव्हीवर क्वेचुआ बातम्या सुरू झाल्या, कार्यक्रमाचं नाव "न्योकांचिक", म्हणजे आपण. २०१९ मध्ये लिमाच्या सान मार्कोस विद्यापीठात रोक्साना किस्पे कोयांतेस यांनी क्वेचुआत पीएचडीचा प्रबंध लिहिला आणि क्वेचुआतच त्याची तोंडी परीक्षा दिली, १५५१ मध्ये स्थापन झालेल्या त्या विद्यापीठात असं पहिल्यांदाच घडलं. रेनाता फ्लोरेस आणि लिबेरातो कानी क्वेचुआत रॅप करतात आणि ऐकणारी पोरं शहरातली आहेत, ज्यांच्या आईबापांनी भाषा लपवली होती ती.

मे २०२२ मध्ये गुगल ट्रान्सलेटने २४ नव्या भाषा घेतल्या त्यात क्वेचुआ आणि आयमारा होत्या, आणि त्याच यादीत आपली कोकणीही होती.

आपण वापरतो त्यातले काही शब्द क्वेचुआ आहेत का?

आहेत. प्यूमा, लामा, काँडोर, किन्वा, कोका हे सगळे तिथलेच. मलेरियावरचं क्विनाईन, ज्याला जुने लोक कोयनेल म्हणायचे, तेही बहुधा क्वेचुआतल्या "किना" म्हणजे साल या शब्दावरून. बटाटा तिथला, पण शब्द तिथला नाही. क्वेचुआत बटाट्याला "पापा" म्हणतात, "बटाटा" हा कॅरिबियन बेटांवरचा रताळ्याचा शब्द पोर्तुगिजांबरोबर आपल्याकडे आला.

शिकायची असेल तर सुरुवात कशी करू?

आधी बोली ठरवा. कुस्को-बोलिव्हियाचं साहित्य सगळ्यात जास्त मिळतं, आयाकुचो उच्चाराला सोपी, किच्वाचं व्याकरण जरा सुटसुटीत. थोडी स्पॅनिश शिकावीच लागेल कारण चांगली पुस्तकं त्याच भाषेत आहेत. आकड्यांपासून सुरू करा, हुक, इस्काय, किम्सा, तावा, पिच्का, पुढे दहा म्हणजे चुंका आणि अकरा म्हणजे "चुंका हुक्नियुक", शंभरापर्यंत एकही अनियमित आकडा नाही, आपल्या एकोणपन्नास-एकोणसाठवाल्यांना तर हे सुख आहे. रोज थोडा वेळ न्योकांचिकच्या बातम्या कानावर पडू द्या, आधी काहीच कळणार नाही, मग प्रत्यय ओळखू यायला लागतात. आणि डिक्शनरी विकत घेताना ती तीन स्वरांची आहे की पाच स्वरांची ते पहिल्या पानावर बघून घ्या, नाहीतर एकच शब्द दोन ठिकाणी शोधत बसाल.